ताणावरच्या झाडाची डोळाकाडी आणू नका भाऊ

डिसेंबर लागला की काटोल-नरखेडकडं दोन कामं एकदमच अंगावर येतात, आंबिया बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा) संत्र्याची बाग ताणावर सोडायची, म्हणजे तिचं पाणी तोडायचं, आणि नर्सरीत जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या खुंटावर (खालच्या रोपावर) संत्र्याचे डोळे बांधायचे, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब सालीसकट काढून कलम करायचं. घोळ इथंच होते. फळं चांगली येतात म्हणून त्याच तहानलेल्या बागेतून डोळे असलेली काडी कापून आणतात अन् मग डोळे वाळले की कलमवाल्याच्या हाताला नावं ठेवतात.

साल आणि लाकूड यांच्यामधला थर ओला, वाढता असला तरच साल अलगद सुटते. ताण बसला की ती चिकटते, चाकू लावला की डोळा फाटतो, आणि निघाला तरी त्यात रस नसतो. मी एका वर्षी हेच केलं, अर्धी ओळ वाया गेली, दोष मात्र थंडीला दिला.

म्हणून काडीसाठीची चार-पाच निरोगी झाडं आत्ताच वेगळी धरा, बाकी बाग ताणावर जाऊ द्या पण यांचं ओलीत सुरू ठेवा, ठिबक असेल तर त्यांचा कॉक वेगळा करा. यंदा त्यांच्यावर आंबिया धरायचा नाही, एवढं मन मोठं करा. काडी गोल झालेली घ्या, तिधारी कोवळी नको. पानं कापा, देठ ठेवा, ओल्या गोणपाटात गुंडाळा. बादलीत बुडवून ठेवायची नाही, ताजी राहते हा गैरसमज आहे.

खुंटाला 3-4 दिवस आधी पाणी द्या, बांधायच्या दिवशी वाफसा पाहिजे, चिखल नाही. पेन्सिलीएवढ्या एका खुंटाला काप देऊन बघा, साल सुटत नसेल तर मजूर आले म्हणून रेटू नका, सरळ परत पाठवा.

बांधल्यावर उलटी चूक होते, रोज पाणी. आपली काळी माती ओल सोडत नाही, मग फायटोफ्थोरा बुरशी, मुळं सडली, डिंक सुटला. वरचा थर सुकला की थोडं द्या, बुडाशीच, झारीनं डोळ्यावर नको. डोळाही जमिनीपासून वीतभर वरच बांधा, पाण्यासोबत माती उडते ना.

साधारण 20 दिवसांनी देठाला बोट लावा. गळून पडला तर डोळा लागला. वाळून चिकटून बसला असेल तर गेला समजा, खुंटाच्या दुसऱ्या बाजूनं परत बांधता येतो, फक्त आधी पाणी द्या अन् साल सुटते का ते बघा.