हजार पानी पीडीएफ बनवताना मेमरी कशी आवरायची

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी उत्पादकांचे वर्षभराचे हिशेब एकाच पीडीएफमध्ये काढायचे म्हटले, की प्रोग्रॅम बऱ्याचदा मधेच मान टाकतो. लगेच सर्व्हरची रॅम वाढवू नका. फाइल कशी लिहिली जातेय ते आधी बघा.

पीडीएफमध्ये कुठली वस्तू कितव्या बाइटवर आहे याचा तक्ता फाइलच्या शेवटी असतो. म्हणून तयार झालेलं पान लगेच डिस्कवर लिहून मेमरीतून सोडून देता येतं. आयटेक्स्ट या पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) हे जमतं. एचटीएमएलवरून पीडीएफ बनवणारी डॉमपीडीएफसारखी लायब्ररी मात्र अख्खं एचटीएमएल मेमरीत उभं करते. तिथे शंभर-शंभर शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या वेगळ्या फाइल्स काढा आणि शेवटी क्यूपीडीएफ या टूलने जोडा. डेटाबेसमधूनही ओळी थोड्या थोड्याच आणा, नाहीतर पुढची मेहनत वाया.

सगळ्यात जास्त मेमरी खातात ते फोटो. बागेचा १२ मेगापिक्सेल फोटो डिस्कवर चारेक एमबीचा दिसतो, पण मेमरीत उलगडला की एका पिक्सेलला ३ बाइट, म्हणजे ३६ एमबी! छापताना तो जेमतेम दोन इंचांत बसणार असेल, तर आधीच ६०० पिक्सेल रुंद करून घ्या. लोगो आणि देवनागरी फॉन्ट एकदाच लोड करून प्रत्येक पानावर तेच वापरा.

‘९०० पैकी ५’ असं छापायचा हट्ट असेल, तर एकूण आकडा कळेपर्यंत बऱ्याचदा पानं धरून ठेवावी लागतात. माझं मत विचाराल तर नुसता पान क्रमांक पुरे. शेतकरी आपला गट नंबर आणि शिल्लक रक्कम बघतो.