१६० मेगाहर्ट्झ लावायच्या आधी

बेळगावात मी घरोघरी वायफाय बसवून देतो. नवा राउटर आला की शहापूर-वडगावात पहिली मागणी हीच: “चॅनेल १६० करून द्या की!” म्हणजे चॅनेलची रुंदी, वायफायच्या लहरींचा रस्ता किती रुंद ते, १६० मेगाहर्ट्झ करायची.

आधी लॅपटॉपचं कार्ड बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर उघडा. इंटेल एएक्स२०१ असेल तर १६० चालतं. एएक्स१०१ ८० मेगाहर्ट्झवरच थांबतं. घाबरू नका, जुनी उपकरणं बंद पडत नाहीत, ती आपापल्या रुंदीवर जोडली जातात.

मग राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झची रुंदी १६० आणि चॅनेल ३६ करून सेव्ह करा. वायफायचं नाव लगेच दिसलं नाही म्हणून रिसेट मात्र मारू नका. हा पट्टा चॅनेल ३६ ते ६४ असा पसरतो आणि ५२ पासूनचे चॅनेल रडारही वापरतं. म्हणून राउटर आधी निदान ६० सेकंद कानोसा घेतो. पुढेही रडार सापडलं तर त्याला तिथून हटावं लागतं.

आता लिंक स्पीड, म्हणजे लॅपटॉप आणि राउटरमधला वेग, बघा. वायफाय ६ आणि दोन अँटेना असतील तर ८०वर कमाल १२०१ एमबीपीएस, १६०वर २४०२.

खानापूरकडे जांभ्याच्या जाड भिंती असतात. तिथे पलीकडच्या खोलीसाठी मी ८०च ठेवतो. रुंदी दुप्पट झाली की नको असलेल्या लहरींचा गोंगाटही दुप्पट शिरतो, रेंज घटते. आणि प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल तर इंटरनेट १६०ने वाढणार नाही.