आशय विश्लेषण करताय? या चुका टाळा

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांच्या बातम्यांवर प्रबंध लिहायचा म्हणून कोल्हापुरातली मुलं दैनिकांचे जुने अंक काढून बसतात आणि आशय विश्लेषण म्हणून, म्हणजे मजकूर ठरलेल्या वर्गांत टाकून, लगेच मोजायला लागतात. त्याआधी एक एकक म्हणजे काय ते ठरवा: अख्खी बातमी, नुसता मथळा की परिच्छेद?

मग वर्ग. ‘इशारा’, ‘स्थलांतर’, ‘मदत’, ‘नुकसान’ असे चार केलेत. आता ‘पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, शिरोळमध्ये स्थलांतर सुरू’ हा मथळा कुठे टाकाल? आज इशाऱ्यात, परवा स्थलांतरात असं झालं की तक्ता बिनकामाचा. असे अडणारे मथळे उदाहरण म्हणून कोडबुकात (कोणता मजकूर कोणत्या वर्गात टाकायचा याच्या नियमांच्या वहीत) लिहा आणि त्यांचा निकालही लिहा. ‘इतर’चा रकाना फुगत असेल तर वर्गच चुकलेत.

संगणकावर शोधताना तर फारच सांभाळा. ‘पूर’ टाकलंत की प्रत्येक ‘कोल्हापूर’ सापडतं, ‘पूर्ण’ आणि ‘पूर्वी’सुद्धा येतात. उलट ‘पुरामुळे’, ‘पुराचं पाणी’ निसटतं, कारण तिथे उकार ऱ्हस्व होतो. बरं, ‘पुरात’ शोधावं तर ‘कोल्हापुरात’ हजर! निदान शंभर निकाल स्वतः वाचून मगच आकडा धरा.

दर सातव्या दिवसाचा अंक घेऊ नका, सगळे एकाच वाराचे, म्हणजे समजा सगळे रविवारच, हाती येतील. प्रत्येक वाराचे अंक वेगवेगळ्या आठवड्यांतून चिठ्ठ्या टाकून निवडा. आवृत्तीही एकच ठेवा. कोल्हापूर आणि सांगलीची पानं सारखी नसतात.

संशोधक बेरेलसन यांनी १९५२ मध्ये या पद्धतीची व्याख्या केली ती प्रकट आशयाच्या, म्हणजे मजकुरात उघड दिसतं त्याच्या, वर्णनापुरती. बातमी वाचून लोक घाबरले का, हे अंकांच्या गठ्ठ्यातून कळत नाही. त्यासाठी शिरोळला जाऊन लोकांशीच बोलावं लागेल.

सगळ्यात मोठी चूक मात्र शेवटी होते. त्याच बातम्या दोघांनी वेगवेगळं बसून वर्गांत टाकायच्या (याला कोडिंग म्हणतात) आणि उत्तरं किती जुळतात ते बघायचं असतं. पण ‘दोघांचं ९० टक्के जुळलं’ एवढं लिहून मुलं मोकळी होतात. समजा १०० बातम्यांपैकी दोघांनीही प्रत्येकी ९० बातम्यांना ‘सरकारवर टीका’ म्हटलं आणि उरलेल्या १० ना ‘टीका नाही’. मग नुसत्या योगायोगानेच ८२ टक्के जुळणी अपेक्षित असते (०.९ × ०.९ अधिक ०.१ × ०.१). ती ९० मधून वजा करून उरलेल्या ८ ला योगायोगापलीकडे शक्य असलेल्या १८ ने भागलं की कोहेनचा कप्पा (योगायोग वगळून जुळणी मोजणारा आकडा) येतो जेमतेम ०.४४. संशोधक क्रिपेनडॉर्फ आपल्या अल्फासाठी (जुळणीचंच दुसरं माप) ०.८० मागतात, ०.६६७ पर्यंत फक्त कच्चे निष्कर्ष चालतात, त्याखाली तेही नाहीत.

आकडा कमी आला तर दोघांनी चहाला बसून उत्तरं जुळवून घेऊ नयेत, ती फसवणूक होते. मतभेद कोणत्या वर्गात साठलेत ते बघा, तो नियम पुन्हा लिहा आणि नव्या बातम्यांवर दोघांनी वेगवेगळं बसून कोडिंग करा. जुळणी पुरेशी झाली की आधीचं सगळं कोडिंग नव्या नियमाने पहिल्यापासून करा, अर्धं जुनं ठेवून चालत नाही.