कोन्टेसा तापतेय? रेडिएटर बदलण्याआधी हवेचा रस्ता बांधा

इंजिन बदललेली जुनी गाडी तापायला लागली की ज्याला विचारावं तो तीनच गोष्टी सांगतो: थर्मोस्टॅट (पाणी तापलं की ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाक, मोठा रेडिएटर घाल, जास्त पात्यांचा फॅन लाव. मी तिन्ही करून बसलो आहे. माझी कोन्टेसा मूळची १४८९ सीसीची. त्या जेमतेम ५० हॉर्सपॉवरच्या इंजिनाच्या जागी १८१७ सीसीचं इसुझू बसवलं, वर एसी टाकला आणि पुढचे दोन उन्हाळे बोनेट उघडून रस्त्याकडेला उभं राहण्यात गेले. पैसे गेले ते रेडिएटरवर. गाडी बरी झाली ती पत्र्याच्या एका तुकड्याने. त्यानंतर ओळखीपाळखीच्या बऱ्याच गाड्यांवर हे काम केलं, म्हणून सगळं क्रमाने सांगतो.

आधी गाडी खरंच तापतेय का ते बघा. इंजिन नवं आणि डॅशबोर्ड जुना असेल तर काट्यावर विश्वास ठेवू नका. इंजिनावरचा सेन्सर एका गाडीचा, मीटर दुसऱ्या गाडीचा, मग काटा वाटेल ते दाखवतो. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि थर्मोस्टॅटच्या घराजवळच्या धातूवर धरा. काटा लाल पट्टीत आणि धातू ९० अंशांवर असेल तर इंजिन ठीक आहे, मीटरचं काम करून घ्या.

मग ती कधी तापते ते बघा. इथे बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर उभी असताना तापते आणि काकतीच्या पुढे हायवेला लागली की उतरते, तर दोष हवेचा. गेटवर शांत असते, पण संकेश्वरकडून येताना वंटमुरीच्या चढाला तापते, तर दोष बहुतेक पाण्याचा: रेडिएटरचा कोअर (आतली नळ्यांची जाळी) चोंदलेला, वॉटर पंपाची पाती झिजलेली, किंवा खालचा होज (रबरी नळी) वेगात आत ओढला जाऊन चपटा होतो. त्या होजमध्ये स्प्रिंग असते, ती आहे का बघा. रेडिएटरच्या जाळीवर थर्मामीटर फिरवा. मध्येच थंड पट्टे सापडले तर तिथल्या नळ्या बंद आहेत, रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या. गाडी गार असताना झाकण उघडून इंजिन चालू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यातलं पॅकिंग) गेलं आहे. तसं असेल तर आधी हेड उतरवा, पुढे लिहिलेलं सगळं नंतर.

थर्मोस्टॅट काढू नका. ‘पाणी भरभर फिरलं तर रेडिएटरमध्ये गार व्हायला वेळच मिळत नाही’ असं ऐकवणारे लोक आहेत, तेही चूक. पाणी जितकं जास्त फिरेल तितकी उष्णता जास्त बाहेर पडते. थर्मोस्टॅट हवा तो वेगळ्या कारणासाठी: त्याच्याशिवाय इंजिन नीट तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, ऑइल खराब होतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती बायपासचं तोंड बंद करते. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच शिरतं. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडून बघा, उघडला तर परत बसवा.

आता खरं काम. माझी गाडी गेटवर तापणाऱ्यांपैकी होती. गॅरेजमध्ये इंजिनावरचा फॅन काढून इलेक्ट्रिक फॅन लावून दिला, तोही थेट रेडिएटरच्या जाळीवर प्लास्टिकच्या टायने आवळून. एप्रिलमध्ये गोव्याहून चोर्ला घाट चढताना, पुढे ट्रक आणि आत एसी चालू, कणकुंबीच्या अलीकडे तिने सगळं पाणी बाहेर टाकलं. घाईत मी झाकण उघडलं. उजव्या हाताच्या कोपरावर त्याचा डाग आजही आहे. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, वरचा होज हाताने दाबता येईल इतका गार होईपर्यंत थांबायचं. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतायचं नाही, हेड तडकू शकतं.

घरी आल्यावर रात्री, वारा नसताना, फॅन चालू करून एक उदबत्ती घेतली आणि रेडिएटरच्या चारी कडांनी फिरवली. डाव्या बाजूला रेडिएटर आणि बॉडीच्या पत्र्यामध्ये दोन बोटांची फट होती. तिथे धूर आत जायच्या ऐवजी माझ्या तोंडावर आला, वळला आणि जाळीतून परत आत गेला. इंजिनाकडे ढकललेली गरम हवाच फटीतून पुढे येऊन पुन्हा रेडिएटरमध्ये जात होती. मग वर्तमानपत्राचं पान जाळीवर धरलं. मधोमध गच्च चिकटलं, चारी कोपरे लोंबत राहिले. म्हणजे फॅनच्या गोलाएवढ्याच जागेतून हवा जात होती, बाकीचा रेडिएटर नुसता बसून. मोठा रेडिएटर घालून मी फक्त बसून राहणारी जागा तेवढी वाढवली होती. या दोन चाचण्या तुमच्या गाडीवर केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

त्यावर उपाय एकच, श्राउड. म्हणजे रेडिएटरची पूर्ण पाठ झाकणारी आणि मधे फॅनसाठी गोल तोंड असलेली पत्र्याची पेटी. आधी पुठ्ठ्याची करा. मी केली नाही, आणि पहिला पत्रा वाया घालवला. रेडिएटरचा मध्य मोजून भोक पाडलं, पण मी परत लावलेला, बदललेल्या इंजिनाचा फॅन त्या मध्यापेक्षा जवळपास दीड इंच खाली होता. पहिल्याच रेसला पातं पत्र्याला घासलं. तुकडा उडून कोअरमध्ये घुसला असता तर रेडिएटरही गेला असता. भोक फॅनच्या मध्यावर घ्या, रेडिएटरच्या नाही.

पुठ्ठा जमला की उद्यमबागेत कुठल्याही पत्राकाम करणाऱ्याकडून एक मिलिमीटर अॅल्युमिनियममध्ये वाकवून घ्या. मापं मात्र तुम्ही द्या आणि त्यावर ठाम राहा, कारण ‘एवढी जागा कशाला?’ असं प्रत्येक मेस्त्री विचारतो. जाळी आणि पाती यांच्यात निदान दोन इंच अंतर पाहिजे, नाहीतर कोपऱ्यातली हवा फॅनपर्यंत पोचतच नाही. फॅन इंजिनाचाच असेल तर त्याची पाती रुंदीने अर्धी श्राउडच्या आत, अर्धी बाहेर, आणि टोकापासून पत्र्यापर्यंत एक इंच मोकळं. श्राउड बॉडीला घट्ट असतो आणि इंजिन माउंटिंगवर हलतं, म्हणून हे अंतर कमी करू नका. इंजिन बंद ठेवून पहारीने इंजिन थोडं उचलून बघा, पातं लागत नाही ना.

पूर्ण झाकलेल्या श्राउडचा एक तोटा आहे. हायवेला समोरून येणारी हवा फॅनपेक्षा जास्त असते आणि पत्राच तिला अडवतो. म्हणून सपाट भागात तीन-चार चौकोनी खिडक्या कापा आणि इंजिनाच्या बाजूने जुन्या ट्यूबच्या रबराचे पडदे फक्त वरच्या कडेला रिव्हेट करा. गाडी उभी असताना फॅनच्या ओढीने पडदे चिकटून बसतात, वेगात हवा त्यांना उघडते.

फटी बंद करायला दरवाज्याचं रबर बीडिंग चालतं. रेडिएटरच्या दोन्ही बाजू, वरची पट्टी, एसी कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटरमधली जागा, सगळं बंद. ‘लूक’साठी पुढच्या बंपरखालचा पत्रा काढला असेल तर तो परत लावा. तो खालची हवा इंजिनाखाली शिरू देत नाही, म्हणून रेडिएटरमागची गरम हवा खालून निघून जाते. ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

फॅन इलेक्ट्रिक असेल तर रिले (फॅनचा जास्तीचा करंट चालू-बंद करणारा स्विच), ३० अँपिअरचा फ्यूज आणि ४ चौरस मिलिमीटरची वायर. इंजिन चालू असताना फॅनच्याच टोकांवर १३ व्होल्ट मिळाले पाहिजेत. बारीक वायरवर ११ मिळतात आणि फॅन नुसता गुरगुरतो. वायरी उलट्या जोडल्या तर तो उलटाही फिरतो, तेवढं वर्तमानपत्राच्या पानाने तपासा.

कार्ब्युरेटर बदलताना डिस्ट्रिब्युटरची (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाची) व्हॅक्युम नळी कुणी काढून ठेवली असेल तर ती जोडा आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) लावून घ्या. टायमिंग मागे असलं की उभ्या गाडीत इंजिन जास्त तापतं.

पाणी भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर पूर्ण उघडा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवा आणि थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे थांबेपर्यंत वरचा होज दाबत राहा. बोअरचं पाणी नको, क्षार नळ्यांत बसतात. एक भाग कूलंट, दोन भाग डिस्टिल्ड वॉटर. झाकण नवं घ्या, ०.९ बार दाबाचं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, इथे उघडं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. चांगल्या झाकणाखाली तेच ११८च्या आसपास जातं.

आता भर दुपारी एसी लावून गेटवर उभे राहा, आणि मग चोर्ला. उतरताना नाही, परत चढताना बघा. माझी आता कणकुंबीला ९२ वर थांबते. दुसऱ्या दिवशी सकाळी, गार इंजिनावर झाकण उघडून कमी झालेलं पाणी भरा आणि होजच्या सगळ्या क्लिपा अर्धा आटा आवळा. नवा होज एकदा तापून गार झाला की त्या सैल पडतात.