सेलमध्ये एकक दाखवा, पण आकडा आकडाच राहू द्या

एक्सेलच्या सेलमध्ये (एका चौकटीत) ‘25 किग्रॅ’ असं टाइप केलंत की तो मजकूर होतो. तो डावीकडे सरकतो आणि सम फंक्शन त्याला मोजतच नाही, बेरीज चुकते ती इथेच. म्हणून सेलमध्ये फक्त 25 लिहा. एक्सेलमध्ये कंट्रोल आणि 1 दाबा, नंबर टॅबमध्ये कस्टम निवडा आणि टाइपच्या चौकटीत हे लिहा:

0.0" किग्रॅ"

अवतरण चिन्हं सरळच हवीत. दुसरीकडून कॉपी केलेली वळणदार चिन्हं चालत नाहीत. एककाआधीची जागा अवतरणाच्या आत सोडा. रोमन एम, डी, एच ही अक्षरं अवतरणाबाहेर राहिली तर एक्सेल त्यांना तारीख-वेळेचे संकेत समजतो आणि सेलमध्ये भलतंच काही दिसतं.

चौरस मीटरसाठी सुपरस्क्रिप्टच्या (आकडा लहान करून वर उचलण्याच्या) मागे लागू नका, आकड्याच्या सेलमध्ये ते जमत नाही. विंडोजवर ऑल्ट धरून नंबरपॅडवर 0178 दाबा, ² येतं. 0176 ने ° येतं.

एक फार कामाची युक्ती: 0.0," किग्रॅ" लिहिलं तर शेवटचा स्वल्पविराम हजाराने भागून दाखवतो. 2500 ग्रॅम 2.5 किग्रॅ दिसतात, सेलमधली किंमत मात्र 2500 च राहते. सूत्रं लिहिताना हे लक्षात ठेवा.