कॉलरबोन मोडल्यावर घरातल्या ट्रेनरवर सायकल

गोव्यात सायकलीचा खरा हंगाम पाऊस ओसरल्यावर सुरू होतो आणि फेब्रुवारीपर्यंत टिकतो. गेल्या वर्षी नेमक्या त्याच दिवसांत हात गळ्यात अडकवून घरी बसण्याची वेळ माझ्यावर आली, कारण फोंड्याजवळच्या एका शेवाळलेल्या उतारावर मी खांद्यावर आपटलो आणि कॉलरबोन मोडले. पाय धडधाकट असताना ते वाया जाऊ द्यायचे नाहीत, म्हणून पडवीत ट्रेनर, म्हणजे सायकल जागेवरच चालवता येईल असा स्टँड, लावला.

सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: ट्रेनरवर कधी बसता येईल, आणि हँडलवर हाताचा भार कधी देता येईल. प्रौढ माणसाचे हे हाड जुळायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात, त्यामुळे या दोन उत्तरांत बरेच अंतर असू शकते. मी पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारला, होकार ऐकून आनंदलो आणि दोन्ही हात हँडलवर टेकवून बसलो. त्या रात्री दुखण्याने झोप लागली नाही.

मागचे चाक छोट्या रोलरवर टेकणारा साधा ट्रेनर या कामाला पुरतो. पुढच्या चाकाखाली लाकडी फळ्या रचून हँडल मागच्या बाजूपेक्षा थोडे उंच करावे, म्हणजे पाठ ताठ राहते आणि पुढे झुकावे लागत नाही. दुखरा हात झोळीतच ठेवावा व दुसरा मांडीवर किंवा हँडलच्या मधोमध हलकेच टेकवावा. चढता-उतरताना पडण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, म्हणून चांगल्या हाताच्या बाजूला भक्कम स्टूल ठेवावे आणि पहिले काही दिवस घरातले कोणीतरी जवळ असावे. सीटवरून उठून पेडल मारणे या काळात पूर्ण वर्ज्य समजावे. मात्र ताठ बसल्याने शरीराचा सगळा भार सीटवर येतो आणि तिथे बधिरपणा येऊ लागतो. यावर उपाय एकच, दर दहा मिनिटांनी थांबून खाली उतरणे.

रस्त्यावर उतार लागतो, वळण येते, आपण क्षणभर पेडल थांबवतो. ट्रेनरवर असे काहीच घडत नाही. मिनिटाला 85 फेऱ्यांनी तासाभरात 5,100 फेरे होतात, आणि सीटच्या उंचीतली बारीकशी चूकही तितक्याच वेळा गुडघ्यावर उतरते. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा 25 ते 35 अंश वाकलेला असावा. गुडघ्याच्या पुढे दुखत असेल तर सीट बहुधा खाली असते, मागे दुखत असेल तर वर. ज्यांची दुखापत गुडघ्याचीच आहे त्यांनी लक्षात ठेवावे की पेडलचा पूर्ण फेरा मारायला गुडघा जवळपास 110 अंशांपर्यंत वाकावा लागतो. तेवढा वाकत नसेल तर पेडल फक्त पुढे-मागे झुलवावे, जोर लावून फेरा पूर्ण करू नये, आणि सीट किती वर घ्यायची ते फिजिओथेरपिस्टला विचारावे.

आपल्याकडे हिवाळ्यातही दुपारी पारा 32 अंशांच्या आसपास जातो आणि हवेत दमटपणा असतो, त्यामुळे घाम निथळतो पण सुकत नाही. छताचा पंखा याला पुरत नाही; छातीवर थेट वारा येईल असा उभा पंखा समोर ठेवावा आणि शक्यतो पहाटे बसावे. व्यायामाआधी व नंतर वजन करावे: एक किलो घटले म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेले. ते भरून काढायला मीठ घातलेले कोकम सरबत मला सर्वांत सोसले. हँडलवर टॉवेल पसरावा, कारण आधीच खाऱ्या असलेल्या हवेत घामाचे मीठ हँडलच्या पट्टीखालचे बोल्ट गुपचूप खाऊन टाकते.

पहिला आठवडा एक दिवसाआड 15 मिनिटे, सर्वांत हलक्या गिअरवर. पूर्ण वाक्य न धापता बोलता येईल इतकाच जोर असावा. त्यानंतर प्रत्येक खेपेला पाच-पाच मिनिटे वाढवत 40 पर्यंत न्यावे आणि मगच, डॉक्टरांची संमती असेल तर, चार-चार मिनिटांचे तीन किंचित जड टप्पे घालावेत. पहिल्या दिवसांत नाडी नेहमीपेक्षा जास्त पळते. विश्रांतीत रक्तातील द्रवाचे प्रमाण घटलेले असते, म्हणून घाबरू नये. मी दुखण्याला दहापैकी गुण देत असे: तीनपर्यंत चालेल, पण ते दुसऱ्या सकाळी शमलेच पाहिजे, नाहीतर पुढची खेप रद्द. बोटांना मुंग्या येणे, नवी सूज, पोटरी दुखून फुगणे किंवा अचानक धाप लागणे यांपैकी काहीही झाले तर लगेच थांबून डॉक्टरांकडे जावे.

रस्त्यावर परतण्यापूर्वी दोन्ही हातांनी ब्रेक जोरात दाबता येतो का, मागे वळून पाहता येते का आणि भिंतीला हात टेकून शरीराचा भार पेलता येतो का, हे घरीच तपासावे. परवानगी मिळाल्यावर मी पहिली फेरी दिवाडी बेटावर केली. जुन्या गोव्याहून सकाळच्या पहिल्या फेरीबोटींपैकी एखादी पकडावी, शेतांमधल्या सपाट रस्त्याने हळू जावे, टेकडीचा चढ टाळावा आणि प्रत्येक गतिरोधकापूर्वी वेग पार कमी करावा, कारण तो धक्का थेट खांद्यात जातो.