मुलं मैदानात असतात, पण पळतात किती? या चुका टाळा

5 ते 17 वयोगटातल्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बडोद्यातल्या शाळांत खेळाचा तास असतो, पण त्यातला बराच वेळ रांगेत जातो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लांब रांगा. 40 मुलांच्या रिलेसाठी वीस-वीसच्या दोन रांगा केल्या आणि जाऊन-येऊन 12 सेकंद लागले, तर एक फेरी चार मिनिटांची. म्हणजे प्रत्येक मूल चार मिनिटांत फक्त 12 सेकंद पळतं. पाच-पाचच्या आठ रांगा करा. तेवढ्याच वेळात प्रत्येकाची पाळी चारदा येईल. आधी शंका असेल तर एकाच मुलाकडे घड्याळ लावून पाच मिनिटं बघा, पाय किती वेळ हलतात ते कळेल.

दुसरी चूक, बाद झालेल्याला बाहेर बसवणं. ‘डोंगराला आग लागली’मध्ये पहिल्यांदा बाद होतं ते बहुधा हळू पळणारं मूल. ज्याला पळण्याची सर्वांत जास्त गरज, तेच सर्वांत जास्त वेळ बसतं. हे मनाला लागतं. त्याला दहा उड्या मारायला लावून लगेच आत घ्या. त्यापेक्षा विषामृत चांगलं: अमृत मिळालं की मूल परत पळतं. मात्र आठ मुलांमागे एक राज्य हवं, आणि ते दर दोन मिनिटांनी बदला. चाळीस जणांमागे एकच राज्य असेल तर लांबची मुलं गप्पा मारत उभी राहतात.

खो-खोत एका वेळी आठ जण बसलेले असतात. लहानांसाठी चार बसलेले, एक पाठलाग करणारा आणि दोन पळणारे, असे पाच-सहा छोटे डाव मांडा. लंगडीत वीस-तीस सेकंदांनी पाय बदलायला सांगा.

शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या कधीही नकोत. पळण्याचा रागच बसतो.

एप्रिलपासून तास सकाळी लवकर घ्या, दर दहा मिनिटांनी पाणी. हद्द आखायला चुन्याची फक्की नको, पडलं-धडपडलं तर डोळ्यांत जाते. खडूची पूड किंवा दोरी चालते. आणि उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांनंतर, पंधरवडाभर तास सुरू होण्याआधी मैदान चालून बघा. गवतात आणि झाडांवर अडकलेला मांजा पळणाऱ्या मुलाला दिसत नाही.